धुराला भेटायला

१

त्या घराला सुट्टी माहीत नव्हती. म्हणजे सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असायचा, कामगार आपापल्या घरी पाय पसरून पडलेले असायचे, रस्त्यावरच्या दुकानांची दारंही निम्मी खाली ओढलेली असायची. पण दुपारची जेवणं उरकली, भांडी धुऊन पालथी पडली, की सासरे गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, "चला, भेटून येऊ."

भेटायचं कुणाला, तर धुराला.

नव्या माणसाला हे ऐकून हसू फुटायचं. सूनबाईलाही फुटलं होतं. घरात तिला सगळे सूनबाईच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं माहेरी जाऊन हे तिखटमीठ लावून सांगितलं, तेव्हा तिची थोरली बहीण म्हणाली होती, "मग त्यालाच चहाला घरी का बोलावत नाही? येण्याजाण्याचा त्रास तरी वाचेल."

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. घर वरच्या मजल्यावर आणि खाली, जिना उतरलं की समोरच, पितळेच्या तोट्या ओतायचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, मधोमध भट्टी, भिंतीला लागून वाळूचे साचे. तुटके नळ, दारांच्या कड्या, बिजागऱ्या, कुठल्या कुठल्या यंत्रांचे दात पडलेले चक्रांचे तुकडे, सगळं भंगार मुशीत जायचं आणि नवीन तोटी होऊन बाहेर यायचं. पितळ नीट तापलं की त्यातलं जस्त पेट घ्यायचं. हिरवट ज्योत उठायची, पांढराशुभ्र धूर सुटायचा आणि त्या धुरातून हलके हलके पांढरे धागे तरंगत खाली यायचे. घरात त्याला कापूस म्हणत.

हा धूर रोज घेणाऱ्याला काही होत नसे. एक दिवस खाडा करून परत कामाला लागलेल्या माणसाला मात्र संध्याकाळी हुडहुडी भरायची. घशाला कोरड, तोंडात नाणं चोखल्याची चव, अंगात सणसणून ताप. सकाळी उठून पाहावं तर माणूस खडखडीत बरा. सासऱ्यांच्या मते याचं कारण साधं होतं. "धूर रुसतो," ते म्हणायचे. "एक दिवस तोंड दाखवलं नाही की राग काढतो. त्याला विसरू द्यायचं नाही, अंगालाही विसरू द्यायचं नाही." म्हणून सुट्टीच्या दुपारी छोट्या मुशीत मूठभर पितळ टाकायचं, ज्योत उठेपर्यंत तापवायचं आणि भिंतीशी टेकून घटकाभर बसून राहायचं.

आणि खरंच, त्या घरात कुणाला ताप यायचा नाही. आता ज्याचा गुण येतो त्याच्याशी वाद कोण घालणार?

२

गोटी म्हणजे सूनबाईची मुलगी. जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि खरं नाव कागदावरच राहिलं. बोलायला लागली ती थांबलीच नाही. हात लावील त्या वस्तूला नावानं हाक मारायची. ही पायरी. ही खिडकी. हा आजोबांचा चष्मा, याला हात लावायचा नाही. वस्तू हरवू नयेत म्हणून हजेरी घेतल्यासारखी घरभर फिरायची आणि सासरे तिच्या मागे मागे "हजर, हजर" करत फिरायचे.

एकदा माहेरी महिनाभर राहून दोघी परत आल्या. गोटी दुपारभर शेडच्या दारात खेळली आणि संध्याकाळी तापानं फणफणली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस? आपल्याच घरातली म्हणून ओळखलं त्यानं तिला. पुढच्या खेपेला तिलाही भेटवून आणू."

सूनबाईला ते पटलं नव्हतं. पण तापलेलं पोर तिनं स्वतः मांडीवर घेतलेलं होतं. पुन्हा असं होऊ नये, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं. पुढच्या सुट्टीला तिनंच गोटीचे केस विंचरले आणि तिला आजोबांच्या बोटाला लावून दिलं.

भेट झाली की शेड झाडायचं काम सूनबाईचं. सगळ्या जमिनीवर कापसाचा पातळ थर बसलेला असायचा. माणसं जिथं बसलेली असत तेवढी जागा मात्र काळी, स्वच्छ राहायची. मोठी सासऱ्यांच्या खुर्चीखालची. तिच्याजवळ नवऱ्याच्या स्टुलाची. भिंतीच्या बाजूला गोटीच्या पालथ्या खोक्याची.

एका सुट्टीला झाडू हातात घेऊन ती उभी राहिली आणि तिला चार जागा दिसल्या.

चौथी लहान होती. गोटीच्या खोक्याला लागूनच, वाटोळी, पुसल्यासारखी स्वच्छ. पोरीनं खोकं सरकवलं असणार, असं म्हणून तिनं झाडून टाकलं. पुढच्या वेळी तिनं नवऱ्याला बजावून सांगितलं, "तिला एका जागी बसवा हं, उगाच सरकू देऊ नका." त्या दिवशीही चौथी जागा होतीच. सूनबाई खाली वाकली. खोकं सरकवल्याची खूण नव्हती, तिथं जाणारी पावलं नव्हती, तिथून येणारीही नव्हती.

"हलली का गोटी?" तिनं वर जाऊन विचारलं.

"छे गं," नवरा म्हणाला. "शहाण्यासारखी बसली होती. गप्पा मारत होती."

"कुणाशी?"

"आपल्याशीच. लहान मुलं नाही का बोलत?"

बोलतात की. सूनबाईनं स्वतःची समजूत घातली आणि ती कामाला लागली.

३

आधी चमचा गेला.

"ते दे," गोटी म्हणाली. "ते. ज्यानं खातात ते." सगळे हसले. मग खिडकी गेली. मग पायरी. आजोबांच्या चष्म्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि काही न म्हणताच निघून गेली. तेव्हा सासरे "हजर" म्हणायला तोंड उघडून बसलेले होते, ते तसेच राहिले.

पोरगी फिकी पडली. पोट दुखतं म्हणून रडायची, जेवायची नाही, आणि बोट ओलं करून खिडकीच्या कट्ट्यावरची पांढरी भुकटी टिपून चाटायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "गोड आहे." मग ती एवढंही सांगेनाशी झाली.

आणि एके सकाळी ती झोपेतून उठली, सूनबाईकडे पाहून तिनं ओठ हलवले, पुन्हा हलवले, आणि शेवटी नुसता तिचा हात धरून ओढला. सूनबाईला वाटलं, झोपेत असेल. पण दुपारीही तसंच झालं. संध्याकाळीही. आई हा शब्द पोरीच्या तोंडून पुसला गेला होता. सूनबाई मोरीत जाऊन नळ सोडून रडली, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, थकलेल्या आणि बोलायला रोखठोक होत्या. त्यांनी दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"शिसं आहे. तुमच्याही रक्तात आहे, पण हिचं फार आहे. घरात काय काम चालतं?"

सूनबाईनं सांगितलं.

"तोट्यांच्या पितळेत थोडं शिसं घालतात, म्हणजे लेथवर कातायला सोपं जातं. भंगारातून तर काय काय येत असेल. तापलं की ते धुरातून उठतं आणि सगळीकडे बसतं. कपड्यांवर, अंथरुणावर, मुलांच्या बोटांवर."

"पण आमच्याकडे कुणाला तापसुद्धा येत नाही," सूनबाई म्हणाली, आणि भेटीचं सगळं सांगून बसली. सांगताना तिची तिलाच लाज वाटायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताप येतो तो जस्ताचा. सवयीनं तो टळतो, तुमच्या सासऱ्यांचं तेवढं खरं आहे. पण शिशाला सवय नसते. ते हाडांत जाऊन बसतं, डोक्यात जाऊन बसतं. तुम्ही रुसवा काढायला जाता आणि सुट्टीचा एक दिवस त्याला वाढवून देता, बाई."

"गेलेले शब्द परत येतील का?"

"मूल लहान आहे. बरेच येतील. सगळे येतील, असं वचन मी देणार नाही. आधी तिला तिथून बाहेर काढा. आणि तुमचं काय? झोप लागते? चिडचिड होते? कधी कानात आवाज वगैरे?"

"नाही," सूनबाई म्हणाली. तोवर ते खरं होतं.

४

घरी सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते हसले, आणि सूनबाईला त्यांच्या हिरड्यांवरची काळसर निळी रेघ दिसली. ती तिनं आजवर हजारदा पाहिली असेल, पण त्या दिवशी ती दिसली.

"माझा जन्म गेला धुरात, सूनबाई. माझं काय वाकडं झालं?" असं म्हणून त्यांनी कप उचलला. कप बशीवर थडथड वाजत होता. माणूस प्रेमळ होता, यात तिळमात्र शंका नाही. नातीसाठी त्यांनी जीव टाकला असता. पण आपणच तिला काही केलं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

नवऱ्याचं म्हणणं असं की हातातली ऑर्डर संपू दे, मग बघू. त्याच्या हातातली ऑर्डर लग्नापासून संपलेली नव्हती.

शेवटी एवढं ठरलं की गोटीला भेटीला न्यायचं नाही. पुढच्या सुट्टीला सूनबाई तिला घेऊन वरच्या खोलीत दार लावून बसली. खालून भट्टीला वारा घालणाऱ्या ब्लोअरचा आवाज येत राहिला, मग थांबला. बापलेक वर आले, हातपाय धुऊन आडवे झाले. ती झाडू घेऊन खाली गेली.

गोटीचं खोकं होतं तिथं आता काही नव्हतं, आणि ती जागा बाकी जमिनीसारखीच पांढरी झाली होती. तिच्या शेजारची जागा मात्र स्वच्छ होती. पहिल्यापेक्षा मोठी होती. एखादं मूल मांडी घालून बसलं तर जेवढी झाकली जाईल, तेवढी.

सूनबाईनं त्या दिवशी शेड झाडली नाही.

५

पुढचा आठवडा कामाचा होता. दुपारी भट्टी विसावली होती, कामगार बाहेर रस्त्याच्या कडेला सावलीत डबे उघडून बसले होते, नवरा माल पोचवायला गेला होता आणि सासरे वर घोरत होते. सूनबाई गोटीला मांडीवर घेऊन जिन्यात बसली होती, कारण वारा फक्त तिथंच लागायचा. गोटीला झोप लागली होती.

शेडमधून कुणीतरी म्हणालं, "चमचा."

सूनबाईला वाटलं, कामगारांपैकी कुणी असेल.

"खिडकी," तो आवाज म्हणाला. "पायरी." मग जरा थांबून, "आजोबांचा चष्मा. याला हात लावायचा नाही."

आवाज लहान होता आणि अगदी स्पष्ट. गोटीचा होता. आताचा नाही, वर्षापूर्वीचा, बडबडत घरभर फिरायची तेव्हाचा. सूनबाईनं खाली पाहिलं. गोटीचे ओठ मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता. त्या ओठांवर तिनं बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून ती ऐकत राहिली.

रक्तात शिसं आहे, तिनं स्वतःला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलंच होतं. उन्हाची वेळ आहे, पोटात काही नाही, कुठंतरी रेडिओ लागला असेल. पण रेडिओला चष्म्याचं काय माहीत? तिनं मग दुसरं कारण शोधलं, तिसरं शोधलं. तोवर तो आवाज एकेक शब्द घेत होता आणि खाली ठेवत होता. घाई नव्हती. सगळे आहेत ना, हे पाहत असल्यासारखा.

सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "आई."

दार उघडंच होतं. जिना उतरून चार पावलं टाकली असती तर शेडचा आतला भाग दिसला असता. सूनबाई उठली नाही. कामगार डबे आटपून परत येईपर्यंत ती बसून राहिली, आणि संध्याकाळी तिनं दोघींचे कपडे भरले.

"तिला नेलीस तर तो रुसेल गं," सासरे दारात उभे राहून म्हणाले.

"रुसू दे, बाबा," ती म्हणाली. त्यांच्याशी इतकं तुटक ती पहिल्यांदाच बोलली.

६

थोरली बहीण बसच्या तासाभराच्या अंतरावर राहायची. तिनं दोघींना दारातच थांबवलं, सगळे कपडे काढून घेतले, गोटीला घासून न्हाऊ घातलं आणि ती भिजल्या तोंडानं हसली तेव्हा कुठं आत घेतलं. "चहाला बोलावू नकोस त्याला, असं सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली.

नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्यामागे कुणीतरी बडबडत असल्यासारखं वाटलं.

"कोण आहे तिथं?" सूनबाईनं विचारलं.

"कोण म्हणजे? गोटी."

गोटी तिच्यासमोर फरशीवर बसून मावशीच्या डब्यातली बटणं रांगेत लावत होती.

"अहो, गोटी माझ्यापाशी आहे."

तो हसला. "हो गं. ती तिथली. ही इथली." एकाच कुलपाच्या दोन किल्ल्यांबद्दल बोलावं, इतक्या सहज तो हे म्हणाला.

"त्याच्याही रक्तात असणार ते," बहीण म्हणाली. "बोलू दे. तू मुलीकडे बघ." हे शहाणपणाचं होतं. सूनबाईनं मुलीकडे पाहायला सुरुवात केली. औषधं, दूध, मोकळी हवा, पुन्हा पुन्हा हात धुणं. आठवडे गेले. पोरीच्या गालांवर रंग आला, ती जेवायला लागली, पण बोलेना. आणि मग एका दुपारी तिनं पेल्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "पाणी." दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि पोरगी आपली पेला पुढं करून उभी.

संध्याकाळी फोनवर नवरा म्हणाला, "आज हिला पाणी मागता येईना. नुसतं भांड्याकडे बोट दाखवत राहिली. काय झालं कोण जाणे."

दोन दिवसांनी गोटीला चमचा आठवला, आणि त्या संध्याकाळी नवरा म्हणाला की इथली आज चमचा विसरली. तिसऱ्या वेळी सूनबाईनं मुद्दाम काही सांगितलं नाही, आधी विचारलं, "आज काय विसरली?"

"पायरी," तो म्हणाला. गोटी दुपारभर मावशीच्या दारातल्या पायऱ्या मोजण्याचा खेळ खेळत होती.

योगायोग असेल, असं ती त्यानंतरही स्वतःशी म्हणत राहिली. पण मनातून तिला आनंद होत होता, अगदी उघडाउघड आनंद. चोरलेलं परत येत होतं. जिथून येत होतं तिथं काय होत असेल, याचा विचार तिनं केला नाही. तिनं तो का करावा? फोनमधला तो आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला. खिडकी गेली, चष्मा गेला, आजोबा हा शब्दही गेला. शेवटी त्याच्याजवळ एकच शब्द उरला. तो म्हणायचा, "आई," आणि नवरा फोन बाजूला धरून म्हणायचा, "येईल हं आई, येईल."

तो एकच शब्द गोटीजवळ आलेला नव्हता.

सूनबाईच्या मग ध्यानात आलं. हाकेला उत्तर मिळतं म्हणून हाक तिथं टिकून आहे. तिनं नवऱ्याला सांगितलं, "ती आई म्हणाली की तुम्ही काही बोलायचं नाही. माझी शप्पथ आहे." त्या संध्याकाळी फोनमध्ये तो आवाज आला, तो तिला थेट कानाशी आल्यासारखा वाटला. नवरा बोलला नाही. तिनं ओठ दातांखाली धरले आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोटीनं तिच्याकडे पाहून तोंड उघडलं आणि "आ" असा नुसता आकार केला. आवाज अजून नव्हता.

"आलंय बघ ओठांवर," बहीण म्हणाली.

त्याच दिवशी नवऱ्याचा पुन्हा फोन आला. बाबांचे हात मनगटापासून लोंबायला लागले होते. कप सोडा, बटणही लावता येत नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. "तुझं ऐकतील," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी ये. मीही येईन तुझ्याबरोबर. खरंच येईन. मलाही बरं वाटत नाही गं." इतक्या महिन्यांत त्याचा हा पहिला शहाणा शब्द होता, आणि तो ऐकून तिला त्याची फार दया आली.

बहीण म्हणाली, "जा. दोघांना घेऊन ये. पण त्या शेडमध्ये पाय टाकू नकोस." गोटी दारापर्यंत आली. सूनबाई चपला घालत होती तेवढा वेळ पोरगी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तिचे ओठ पुन्हा उघडले होते.

"संध्याकाळी येशील ना, तेव्हा म्हणेल बघ," बहीण म्हणाली.

बसमध्ये सूनबाईनं मनाशी घोकून ठेवलं. कुणीही हाक मारो. बोलायचं नाही.

७

ती पोचली तेव्हा वरचं घर उघडं होतं. भांडी धुऊन पालथी पडली होती. बाबांची खुर्ची जागेवर नव्हती. खालून ब्लोअरचा आवाज येत होता.

ती जिना उतरली आणि शेडच्या उंबऱ्याशी थांबली. पाय आत टाकला नाही. रुमालानं नाक दाबून तिनं हाक मारली, "अहो."

भट्टीवर हिरवट ज्योत होती. धूर धुराड्याकडे जात नव्हता, खालीच दाटून राहिला होता, आणि त्यातून कापूस सावकाश पडत होता. सासरे खुर्चीत बसले होते. त्यांचे हात दोन्ही बाजूंनी सुटलेले, आणि चेहरा समाधानी. नवरा स्टुलावर होता. त्यानं वळून पाहिलं आणि तो हसला. फार थकलेला दिसत होता, पण तिला पाहून झालेला आनंद खरा होता.

"आलीस? बाबांना म्हटलं, शेवटचं भेटून घ्या आणि मग निघू. दोन मिनिटं."

"वर या दोघंही," ती म्हणाली. "बस लगेच आहे." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचं तिलाच बरं वाटलं.

मग तिला दिसलं. दोघांच्या मध्ये कापूस सगळीकडे पडत होता, एक जागा सोडून. तिथं तो वरून येताना फाटत होता आणि कडेकडेनं खाली उतरत होता. मध्ये काहीच नव्हतं. तेवढ्यातून मागची भिंत, साचे, साच्यांमागची खिळ्याला टांगलेली सांडशी, सगळं स्वच्छ दिसत होतं. बाकीची शेड पांढरी होती. ती मोकळी जागा गोटीच्या उंचीची होती.

डोक्यात शिसं आहे, सूनबाई स्वतःला म्हणाली. झळ आहे. भट्टीची ऊब वर चढते तिथं धूर ठरत नसेल.

"ते," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं. "ते... ते..." शोधाशोध चालली होती. हातात काही येत नव्हतं. एके काळी गोटी अशीच चष्म्यासमोर उभी राहिली होती, आणि तेव्हा तिला शोधून द्यायला कुणाजवळ काही नव्हतं. मग ते शोधणं थांबलं.

"आई."

झोपेतून उठल्यावर, डोळे अजून उघडलेले नसताना, अंथरुणातूनच मारलेली हाक. कित्येक महिने झाले होते, सूनबाईला कुणी अशी हाक मारली नव्हती.

तिला सगळं कळत होतं. उत्तर दिलं नाही तर हा शब्द इथून सुटेल आणि संध्याकाळी बहिणीच्या दारात तिला भेटेल, तिच्या पोरीच्या तोंडून. फक्त गप्प राहायचं होतं. तिनं दाराची चौकट धरली आणि ओठ आत ओढून घेतले. सासरे तिच्याकडे पाहत होते. नवरा शप्पथ पाळून गप्प बसला होता. ज्योत फरफरत होती.

"आई?"

या खेपेला हाकेच्या शेवटाला भीती होती. आपलं काही चुकलं का, हाच शब्द होता ना, की हाही विसरलो, अशी विचारणा. हा शब्द कुठून आला, कुणाचा होता, तो म्हणणारं काय होतं, यांतलं काहीच त्या आवाजाला माहीत नव्हतं. हाक मारली की आई येते, एवढंच त्याला माहीत होतं.

"ओ," सूनबाई म्हणाली.

तिनं लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण शब्द बाहेर पडून गेला होता. धुरातली ती मोकळी जागा हलली, वळली आणि दाराकडे यायला निघाली. कापूस तिच्या वाटेतून दूर होत होता. सूनबाईनं खांद्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली आणि ती खाली बसली, धावत येणाऱ्या मुलाच्या उंचीला.